सारजानानीच्या डोळ्याची साक्ष

॥ श्री ॥
कळंब
१२ जानेवारी १९९८

चि. आप्पा यास अक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

आमी हितं सगळी बरी हाय, तुमीबी असाल. तिळगूळ यष्टीच्या ड्रायव्हरजवळ दिलाय, पोचला का लिही. आख्खा डबा तू एकट्यानं फस्त करू नको, स्वरूपाला नि पोरींना दे. मागच्या खेपंला आलास तवा तुझा सदरा पोटावर ताणलेला मी बघितलाय. तुझ्या दाजींचा ऊस अजून रानात उभा हाय, तोडीची टोळी यायचं नाव न्हाय. त्यामुळं घरात त्यांच्याशी बोलायची सोय न्हाय.

फोन का न्हाय केला म्हणशील. आमच्या स्टँडवरल्या बूथवरनं बोलायचं म्हंजे गावात दवंडी दिल्यागत हाय. आन् हे दवंडी द्यायचं काम न्हाय.

आमच्या शेजारची सारजानानी तुला ठावी हाय. पूर्वी त्यांची मेंढरं होती, कालव्याचं पाणी आल्यावर कळप मोडून शेती धरली. आई गेल्यावर माझं दुसरं बाळंतपण हिनंच केलं. तर गेल्या श्रावणात तिनं इंदापूरला उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. दुसऱ्या दिवशी पट्टी सोडली तवा तिला भिंतीवरलं कॅलेंडर दिसलं, लई खूश होती. त्याच रातीपासनं डोळा ठणकायला लागला. सकाळी तिचा पोरगा जालिंदर तिला घेऊन परत इंदापूरला गेला, तर डॉक्टर गावाला गेलेले. कंपाउंडरनं दुखायच्या गोळ्या दिल्या नि नेमल्या तारखेलाच या म्हणून सांगितलं. पुढं डोळ्यात पू झाला. पुण्याला न्हेलं, तर तितं डोळाच काढावा लागला रं.

जालिंदरनं पुण्याच्या ग्राहक मंचात तक्रार घातलीया. आता डॉक्टरवरबी तक्रार घेत्यात म्हणं. त्याचा वकील म्हणतोय की डोळ्याच्याच दुसऱ्या डॉक्टरनं कागद बघून, चूक कुठं झाली ते मंचापुढं सांगाया पायजे, न्हायतर तक्रार उभीच ऱ्हायची न्हाय. त्यो इंदापूर, दौंड, पुणं सगळं फिरला. एक डॉक्टर तयार हुईना. एकानं चहा पाजून वाटंला लावलं. माझा सख्खा भाऊ डोळ्याचा डॉक्टर, आन् मी नानीला काय तोंड दाखवू? साक्ष तू दे. न्हाय म्हणू नको.

पोरींना मुके. लोभ हाय तेवढा ठेव, वाढला तर मी काय परत पाठवणार न्हाय.

तुझी,
अक्का


बारामती
२० जानेवारी १९९८

ती. सौ. अक्कास आप्पाचा सा. न. वि. वि.

तिळगूळ पोचला. डबा उघडला तेव्हा मी दवाखान्यात होतो, त्यामुळे माझ्या वाट्याला नुसता चुरा आला. माझ्या पोटाची काळजी सोड.

न्हाय म्हणू नको असं लिहून तू निकाल आधीच लावून मोकळी झालीस. पण माझंही ऐक. हे इंदापूरचे डॉक्टर मला कॉलेजात चार वर्षं पुढे होते. मी बारामतीत पाटी लावली तेव्हा माझ्या दारात कुत्रं फिरकत नव्हतं. त्या दिवसांत त्यांनी स्वतःचे पेशंट माझ्याकडे पाठवले. दर महिन्याला आम्हा डॉक्टरांची बैठक असते, तिथं ते माझ्या शेजारी बसतात. त्यांचं नाव मी पत्रात लिहीत नाही, तूही लिहू नकोस.

दुसरं असं की मोतीबिंदूनंतर डोळ्यात पू होणं हे कितीही चांगल्या हातून, कितीही स्वच्छ खोलीत होऊ शकतं. माझ्या एका पेशंटला झालं होतं. ती बाई ठणका लागल्या लागल्या आली, मी डोळ्यात इंजेक्शन दिलं, नजर वाचली. त्या दिवशी मी घरी होतो म्हणून. तेव्हा डोळा गेला म्हणजे डॉक्टर चुकलाच, असं मी काही म्हणणार नाही.

लोकांना वाटतं की साक्षीला आलेला डॉक्टर ज्यानं बोलावलं त्याच्या बाजूचा. तो कुणाच्याच बाजूचा नसतो गं. जे डोळ्यात झालं ते त्यानं मंचाला समजेल असं सांगायचं, एवढंच त्याचं काम. म्हणून माझी अट अशी. कागद पाठव. चूक दिसली तर मी पुण्याला जाऊन सांगेन, मग समोर कोणी का असेना. दिसली नाही तर तेही तितकंच स्पष्ट सांगेन. आणि नानी माझ्या बहिणीची शेजारीण आहे, हे मी स्वतःच मंचाला आधी सांगून टाकेन. नानीला हे चालत असेल तर दाजींबरोबर कागद पाठव. त्यांना इकडे जेवायलाच थांबायला सांग, ऊस काय पळून जात नाही.

स्वरूपाचा नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
आप्पा


॥ श्री ॥
कळंब
२ फेब्रुवारी १९९८

चि. आप्पा यास आशीर्वाद. वि. वि.

कागद दाजींजवळ दिल्यात. तुझ्या अटी ऐकून ते म्हणले की हा तुझा भाऊ हाय का तहसीलदार. पण नानीला मी सगळं वाचून दावलं, तर तिला तुझं बोलणं पटलं. ती म्हणली की जे असंल ते सांगू दे, मला निसतं कळाया पायजे की माझा डोळा का गेला.

एक सांगायचं ऱ्हायलं. तिच्या डाव्या डोळ्यातबी मोतीबिंदू पिकत आलाय. आता माणूस आवाजावरनं वळखती. मी म्हणलं, आमच्या आप्पाकडं चल, त्याचा सोन्यासारखा हात हाय. तर म्हणली की आता मरंस्तवर कुणाचा हात डोळ्याला लागू देणार न्हाय. तिची सून जयवंता, पदरात अंगावर पिणारं पोर, तरी सासूला हाताला धरून परसाकडं न्हेती, आणती, भाकरी कुस्करून देती. असं सासू-सुनंचं मेतकूट मी तरी गावात दुसरं बघितलं न्हाय. पण हल्ली ती पोरगी लई गप गप असती. आधी हसायला लागली की थांबायची न्हाय.

टोळी आली एकदाची. ऊस चाललाय. दाजी आता माणसात हायत.

मायेनं लिहितीय, मायेनं वाच.

अक्का


बारामती
१५ फेब्रुवारी १९९८

ती. सौ. अक्कास सा. न. वि. वि.

दाजी येऊन गेले. दोन वाट्या आमरस डब्यातला, हिवाळ्यात, चवीनं खाल्ला आणि तुझ्या आमरसापुढे हा काहीच नाही असं स्वरूपाच्या तोंडावर सांगून गेले. आता ती तुझ्यावर रुसली आहे.

कागद वाचले. ऑपरेशन चांगलं झालं आहे, त्यात मला बोट ठेवायला जागा नाही. दुसऱ्या दिवशी डोळा स्वच्छ होता, तेही खरं दिसतं. चूक आहे ती पुढची. ऑपरेशन झालेलं माणूस डोळा ठणकतो म्हणून दारात येतं आणि पट्टी उचलून कोणी बघत नाही, ही चूक. डॉक्टरांनी गावाला जाऊ नये का? जावं, मीही जातो. पण मागे कुणाला तरी नेमून जावं. निदान कंपाउंडरला बजावून ठेवावं की ठणका म्हटलं की गोळी देऊन घरी धाडू नको, तडक पुण्याला पाठव. त्या सकाळी कुणी डोळा बघितला असता तर तो वाचण्याची पुष्कळ आशा होती. हे मी सांगायला तयार आहे. हे लिहिताना मला आनंद होत नाही, अक्का. ते माणूस वाईट नाही.

आता एक काम तुझं. समोरचा वकील पहिलं विचारणार की घरी डोळ्यात काय घातलं. आपल्याकडे मध घालतात, तूप घालतात, कुणी कुणाचा अंगारा लावतं. तू घरात शिरून शांतपणे विचार. जालिंदर समोर नको, तो तापट आहे असं दाजी म्हणाले.

बाकी ठीक. पोरींची परीक्षा आली, माझाच अभ्यास चालू आहे. आठवणीत असू दे.

आप्पा


कळंब
२७ फेब्रुवारी १९९८

चि. आप्पा यास आशीर्वाद.

हे पत्र वाचून फाडून टाक. स्वरूपालाबी दावू नको.

मी जयवंताला विहिरीवर धुणं धुताना विचारलं. म्हणलं, नानीच्या डोळ्यात घरी काय घातलं व्हतं का गं? तिच्या हातातनं धोपाटणं पडलं. मग जी रडायला लागली, मला काय समजंना. इंदापूरवरनं परत आणलं त्या दिशी सांजच्याला नानी गोळ्या खाऊन पडली हुती. डोळा मिटून कण्हत व्हती. जालिंदर पाणी धरायला रानात गेलेला. जयवंताला बघवंना. तिनं पट्टी वर केली नि आपलं अंगावरचं दूध डोळ्यात पिळलं. पट्टी हाय तशी लावली. नानी झोपंत हुती, तिला ठावं न्हाय. जालिंदरला ठावं न्हाय. डोळा काढल्यापासनं ही पोरगी ते एकटीच पोटात घेऊन हिंडतीय.

तूच सांग, ह्यात तिचं काय चुकलं? पोरांचं डोळं आलं की आपण सगळ्या बाया तेच करतो. तिनं मायेनं केलं रं. पण जालिंदरला कळलं तर त्यो तिला डाळजला माहेरी नेऊन सोडंल नि परत बघणार न्हाय. आन् नानीला कळलं तर त्या दोघींचं काय ऱ्हाईल?

म्हणून सांगतीय, हे तू गिळून टाक. मी विचारलं न्हाय, तू ऐकलं न्हाय. कंपाउंडरची चूक तर हायच की, तेवढीच सांग.

माझ्या गळ्याची आण हाय.

अक्का


बारामती
८ मार्च १९९८

ती. सौ. अक्कास सा. न. वि. वि.

पत्र फाडलं. तीन दिवस उत्तर लिहायला बसतो आणि उठतो.

अक्का, आण घालू नकोस. मला हे गिळता येणार नाही. मी शपथ घेऊन उभा राहणार. डोळ्याचं काय झालं हे सांगायला मला बोलावलं आहे, आणि डोळ्यात काय गेलं हेच लपवून बसलो तर मग मी कशाला हवा? चहा पाजून वाटेला लावणारे डॉक्टर माझ्यापेक्षा बरे.

तू म्हणशील की आप्पा शिकला आणि दगड झाला. तसं नाही. माझे डोळे यायचे तेव्हा आई काय करायची आठवतं का? शेजारच्या बाळंतिणीकडनं वाटीत दूध मागून आणायची आणि माझ्या डोळ्यात घालायची. वाटी आणायला तुलाच धाडायची. मग त्या पोरीला मी कुठल्या तोंडानं नावं ठेवू?

पण नीट समजून घे. ठणका आधी लागला. दूध नंतर गेलं. म्हणजे दूध घालायच्या आधीच दुखणं डोळ्यात शिरलं होतं. हे मी सांगू शकतो, माझ्याशिवाय तिच्या बाजूनं हे सांगणारं कोणी नाही. उद्या समोरच्या वकिलानं कुठून तरी ही गोष्ट उकरून काढली, तर ती लपवलेली म्हणून निघेल, आणि मग सगळं खापर त्या पोरीच्याच डोक्यावर फुटेल. दूध घालणं बरोबर होतं, असं मात्र मला म्हणता येणार नाही. ताजी जखम होती. त्यानं दुखणं वाढलं असेलही. किती, ते मीच काय, कोणीच सांगू शकणार नाही.

तिला विचार. तिच्या मर्जीशिवाय मी पुढे जाणार नाही. रागावलीस तरी मी तुझाच.

आप्पा


कळंब
१४ मार्च १९९८

आप्पास,

पत्र पोचलं. मी डॉक्टरला सांगितलं न्हवतं. भावाला सांगितलं हुतं.

तुझी शपथ मोठी नि पोरीचा संसार बारका, व्हय ना? मीच मूर्ख, मीच तुला ह्यात वढलं. आता मला पत्र धाडू नको, आलं तर फोडणार न्हाय. पाडव्याला येऊ नको. आलास तर जेवायला वाढीन, पण बोलणार न्हाय.

कौसल्या


कळंब
२५ मार्च १९९८

डॉक्टरदादांना जयवंताचा नमस्कार.

मी सातवी शिकलेली हाय. चुकलं माकलं समजून घ्या. अक्कांनी तुमचं पत्र मला वाचून दावलं. त्या तुमच्यावर लई चिडल्यात, पण पत्र त्यांनी जपून ठिवलंय.

मला एकच विचारायचं हाय. आत्यांचा डोळा माझ्या दुधानं गेला का? मला बरं वाटावं म्हणून काय सांगू नका. खरं आसंल ते सांगा. आत्या माझा हात धरून चालत्यात तवा दर पावलाला माझ्या मनात तेच येतं. त्या मला गुणाची म्हणत्यात, मला लाज वाटती. पोराला पाजायला घेते तवाबी मला भ्या वाटतं, आपल्या दुधात काय वाईट हाय का म्हणून.

उत्तर अक्कांच्या पत्त्यावर पाठवा. घरी पाठवू नका.

जयवंता


बारामती
२९ मार्च १९९८

चि. सौ. जयवंता हिस अनेक आशीर्वाद.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. नाही. डोळा तुझ्या दुधानं गेला नाही. तू दूध घातलंस त्याच्या आदल्या रात्रीच डोळ्यात पू धरायला लागला होता. ठणका होता तो त्याचाच. त्या दिवशी सकाळी तुम्ही इंदापूरला गेलात तेव्हा तुझ्या दुधाचा थेंबही डोळ्यात नव्हता आणि डोळा वाचवायची वेळ तीच होती. ती वेळ तुझ्या हातून गेली नाही.

खरं सांगा म्हणालीस म्हणून पुढचंही सांगतो. दूध घालायला नको होतं. पोरांच्या डोळ्यात घालतात, तेही घालू नये, कुणी सांगितलं तरी. ऑपरेशनच्या डोळ्याला तर नुसतं पाणीही चालत नाही. त्यानं थोडा त्रास वाढला असेल. तुला कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगायचं काम आम्हा डॉक्टरांचं होतं. तुझ्या दुधात काही वाईट नाही. पोराला निर्धास्त पाज.

आता तू ठरव. मंचापुढे उभा राहिलो तर मला हे सगळं सांगावं लागेल, दुधाचंही आणि ठणका आधी लागल्याचंही. तू नको म्हणालीस तर मी वकिलाला कळवतो की मला साक्ष जमणार नाही. कारण सांगणार नाही. पण बोललो तर अर्धं बोलणार नाही. घरी आधी सांगायचं असेल तर मी येतो, जालिंदरला मी समजावतो. घाई नाही, नीट विचार कर.

अक्काला सांग, पाकिटावर तुझं नाव आहे, त्यामुळे तिनं ते फोडलं तरी तिची प्रतिज्ञा मोडत नाही.

तुझा दादा समज,
आप्पासाहेब


कळंब
१० एप्रिल १९९८

आप्पास,

जयवंताचा निरोप हाय म्हणून लिहितीय. ती म्हणती की दादांना बोलू द्या. घरी सांगायचा धीर होत न्हाय, तितंच सगळ्यांबरोबर ऐकंन म्हणती. तुझं पत्र वाचल्यापासनं पोरगी जेवाया लागली, तेवढं खरं. मी अजून रागातच हाय.

कौसल्या


बारामती
२२ जुलै १९९८

ती. सौ. अक्कास सा. न. वि. वि.

राग असू दे, पत्र मात्र वाच. काल पुण्याला माझी साक्ष झाली. जालिंदर तुला काय सांगेल कोण जाणे, म्हणून मी पाहिलं ते लिहितो.

छोटीशी खोली, मंचाचे तिघेजण समोर बसलेले. इंदापूरचे डॉक्टर भिंतीकडच्या खुर्चीवर होते. नानी, जालिंदर आणि पोराला मांडीवर घेतलेली जयवंता बाकावर. मी आधी सांगून टाकलं की नानी माझ्या बहिणीची शेजारीण आहे आणि या डॉक्टरांचे माझ्यावर उपकार आहेत. अध्यक्ष जरा हसले. मग माझं म्हणणं मांडलं. ऑपरेशनमध्ये दोष नाही, डोळा बघितला नाही हा दोष. ते सांगताना मी इंदापूरच्या डॉक्टरांकडे बघायचं टाळलं, हे खरं.

मग त्यांच्या वकिलानं उलटतपासणी केली. दोष नसतानाही पू होतो का? मी होतो म्हणालो. घरी डोळ्यात काही घातलं होतं का? मी सांगितलं. सुनेनं अंगावरचं दूध घातलं होतं. अक्का, मी जालिंदरला वळताना पाहिलं. तो बायकोकडे डोळे फाडून बघत राहिला. वकील तर खूशच झाला. मग डोळा सुनेमुळेच गेला, असं तो अध्यक्षांना सांगू लागला. मी म्हणालो, नाही. ठणका आदल्या रात्रीचा, दूध दुसऱ्या दिवशी संध्याकाळचं. मधल्या सकाळी ही बाई डॉक्टरांच्या दारात होती. मी हे दोनदा सांगितलं, दुसऱ्यांदा जरा मोठ्यानं, कारण ते मला जालिंदरला ऐकवायचं होतं.

तेवढ्यात नानी उठली. तिला कुणी विचारलं नव्हतं. बाकाला धरून उभी राहिली आणि आवाजाच्या दिशेनं तोंड करून बोलायला लागली. म्हणाली की दूध घालायला मीच सांगितलं. पोरगी नको नको म्हणत होती, मीच माझ्या डोक्याची शपथ घातली. काय लिहायचं ते माझ्या नावावर लिहा, तिच्या नाही. नानीचा वकील हळूच तिचा पदर ओढत होता, कारण यानं तिचीच बाजू लंगडी होत होती. ती बसली नाही, अध्यक्षांनी लिहून घेतो म्हटल्यावरच बसली. जालिंदरनं मान खाली घातली. जयवंता तोंडात पदर धरून रडत होती.

आता माझी गंमत बघ. नानी झोपेत होती, तिला काही ठाऊक नव्हतं, हे मला तुझ्या पत्रातून माहीत होतं. म्हणजे ती खोटं बोलत होती. आणि खऱ्याचा एवढा डांगोरा पिटणारा मी तिथं मूग गिळून बसलो. मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर काय सांगितलं असतं, ते मला अजून कळलेलं नाही.

बाहेर पडल्यावर इंदापूरचे डॉक्टर चहाच्या टपरीवर भेटले. आम्ही उभ्यानं चहा घेतला. ते म्हणाले की आता त्यांनी हाताखाली एक डॉक्टर ठेवला आहे. जाताना पुढच्या बैठकीला येणार ना, एवढंच विचारलं. येतो म्हणालो.

तू नानीला काही विचारू नकोस. झाकलेलं राहू दे. आणि आता तरी बोल माझ्याशी, घरात करमत नाही मला.

तुझा,
आप्पा


॥ श्री ॥
कळंब
८ ऑक्टोबर १९९८

चि. आप्पा यास अक्काचे अनेक अनेक आशीर्वाद. वि. वि.

दोनदा आशीर्वाद लिहिलाय, मधल्या पत्रांतला बाकी ऱ्हायलेलाबी त्यात आला. राग गेला. कवा गेला ते विचारू नको.

मंचाचा निकाल तुला वकिलानं कळवला असंल. ऑपरेशन चुकलं न्हाय पण दारात आलेल्या बाईचा डोळा बघितला न्हाय ही चूक, असं लिहिलंय. तुझंच बोलणं. नानीनं ते माझ्याकडनं दोनदा वाचून घेतलं आन् म्हणली की आता मला कळलं, आता झालं.

जालिंदर पुण्यासनं आल्यावर लई दिवस मुका होता. माझा जीव टांगणीला लागलेला. मग गौरीच्या सणाला त्यानं जयवंताला डाळजला माहेरी न्हेलं. मला वाटलं, संपलं सगळं. तर सण झाल्यावर गडी आपण होऊन गेला नि पोराला खांद्यावर बसवून बायकोला घेऊन आला. काय बोलला न्हाय, पण आणली की न्हाय?

आता तू विचारू नको म्हणलास, म्हंजे मी विचारणारच. मी नानीला म्हणलं, तू झोपली हुतीस ना गं तवा? ती हसली. आप्पा, ती झोपली न्हवती. गोळीनं डोळा लागलाच न्हवता. ऊन ऊन थेंब पडला तवाच तिनं वळखलं. पोरगी हुंदकं देत व्हती, म्हणून नानी झोपेचं सोंग घेऊन पडून ऱ्हायली. दूध घाल म्हणून मात्र तिनं कवाच सांगितलं न्हवतं. मी म्हणलं, मग तू मोठ्या साहेबांपुढं खोटं बोललीस की! तर म्हणली की मला हात धरता येत हुता, मी धरला न्हाय, म्हंजे सांगितल्यासारखंच झालं. आता ह्यात खरं किती नि खोटं किती ते तुझं तू बघ. वरीसभर सून सासूपासनं लपवत हुती आन् सासू सुनंपासनं, ती भिऊ नये म्हणून. एका चुलीवर जेवत हुत्या दोघी.

आता महत्त्वाचं. नानी दिवाळी झाल्यावर तुझ्याकडं यायला तयार हाय, डाव्या डोळ्याचं करायला. आपण होऊन म्हणली. पण तिचीबी तुझ्यासारखी अट हाय. चाकू तुझा चालंल. पण मागनं औषधाचं थेंब घालायचं, पट्टी बदलायची, ती जयवंतानंच. दुसऱ्या कुणाचा हात लागू देणार न्हाय. हात कसं धुवायचं, थेंब कसा सोडायचा, ते तिला आधी दाव.

हे बोलणं झालं तवा जयवंता शेजारीच बसली हुती. तिनं ऐकलं नि हात पदराखाली लपवलं. नानीनं चाचपत चाचपत तिचा हात हुडकला आन् आपल्या डाव्या डोळ्यावर ठिवला.

भाऊबीजेला ये, वाट बघतीय.

तुझी,
अक्का